पेडलने फरक पडत नाही

बनी हॉप सांगायला फार सोपा आहे, म्हणून तो सगळेच सांगतात. चालत्या सायकलवरून न उतरता, वेग न मोडता, दोन्ही चाकं जमिनीवरून उचलायची आणि वाटेत आडवा आलेला ओंडका, दगड किंवा खोदकामानंतर परत न्यायचा राहून गेलेला पाइप ओलांडून पलीकडे उतरायचं. झालं. माउंटन बाइकवाले इतक्या थोडक्यात काही सांगू लागले, की अंगावरच्या जुन्या खुणा आधी मोजून ठेवाव्यात. नव्या कोणत्या ते नंतर सांगता येतं.

पण माझी खरी तक्रार 'पेडलने फरक पडत नाही' या वाक्याबद्दल आहे. हे मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्या प्रत्येकाच्या घरी पेडलांच्या निदान तीन जोड्या आहेत. एक सायकलला, एक बाल्कनीत आणि एक 'तुला हवी तर ने, पण परत आणून दे' या अवस्थेत. फरक पडत नाही या निष्कर्षाला पोचायला किती खर्च येतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

मी कोथरूडला राहतो. वेताळ टेकडी जवळ आहे, सायकल बरी आहे आणि घरच्यांनी आशा सोडलेली आहे. म्हणजे शिकायला अनुकूल परिस्थिती. जाणकारांनी सांगितलं, सुरुवात फ्लॅट पेडलवर कर. फ्लॅट पेडल म्हणजे तळहातापेक्षा जरा मोठी, धातूची किंवा नायलॉनची सपाट चौकट. तिच्या दोन्ही बाजूंना बारीक स्क्रूसारख्या पिना उभ्या केलेल्या असतात. पाय त्यावर नुसता ठेवायचा. बांधायचा नाही, अडकवायचा नाही. आणि मग या नुसत्या ठेवलेल्या पायाने सायकलची मागची बाजू उचलायची. आजवर मी जे काही उचललं, ते आधी धरलं होतं. गॅसचं सिलिंडरसुद्धा. इथे धरायची सोयच नाही, आणि याला तंत्र म्हणतात.

रीत अशी. सीट खाली घ्यायची. दोन्ही पेडलं एका पातळीत ठेवायची. गुडघे आणि कोपर वाकवून सायकलवर दबायचं, मग हात सरळ ठेवून कंबर मागे टाकायची. पुढचं चाक वर येतं. ते आलं की झटक्यात उभं राहायचं, कंबर पार हँडलला लागेपर्यंत. मग हँडल पुढे ढकलायचं, चवडे खाली वळवायचे आणि तळव्यांनी पेडलं मागे-वर खरवडायची. तळवा पिनांवर मागच्या दिशेने दाबला गेला की त्या पकडीवर मागचं चाक पायांमागोमाग वर येतं. म्हणजे सायकल उचलायची नसतेच. उडी आपण मारायची आणि सायकलला सोबत यायला भाग पाडायचं.

माझी सायकल सोबत येत नसे. मी वर जायचो, ती खाली थांबायची. एखाद्या सेकंदाने आमची पुन्हा गाठ पडायची तेव्हा पेडल स्वतःच्या आसाभोवती थोडं फिरलेलं असायचं, आणि त्याची पिनांची कड जिथे असायची तिथे माझी नडगी उतरायची. नडगीच्या हाडावर मांस नसतं. निसर्गाने ही जागा उघडी का ठेवली याचा खुलासा कुठे मिळत नाही, पण पेडल बनवणाऱ्यांना तो मिळालेला दिसतो.

पिनांच्या जखमा एका ओळीत, सारख्या अंतरावर उमटतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेलो तर डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून नीट पाहिलं.

"कुत्रा पाळीव होता का?"

"पेडल आहे, डॉक्टर."

"पाळीव असला तरी घ्यावं लागतं," ते म्हणाले आणि सिस्टरला हाक मारली.

नडगीला बांधायच्या ढाली मिळतात. त्या मी घेतल्या. पुण्याच्या मे महिन्यात त्या बांधून टेकडीवर गेलो की पाय आतल्या आत शिजतात आणि सकाळी फिरायला आलेले काका विचारतात, "विकेटकीपर का?" हो म्हटलं तर गोष्ट तिथेच संपत नाही. ते १९८३च्या वर्ल्ड कपवर येतात.

मग कळतं की पेडलने फरक पडत नाही हे खरं आहे, बुटाने पडतो. धावण्याच्या बुटाचा तळ मऊ असतो, तो पेडलवर दुमडतो आणि पाऊल नको तेव्हा सरकतं. फ्लॅट पेडलसाठी चिकट रबराचे वेगळे बूट असतात. हे रबर मुळात कड्यांवर चढणाऱ्या लोकांसाठी आलं. चार्ल्स कोल नावाच्या अमेरिकन गिर्यारोहकाने १९८५ मध्ये फाइव्ह टेन ही बुटांची कंपनी काढली ती त्यांच्यासाठीच, सायकलवाले मागून आले. पिनांवर हा बूट इतका बसतो की पाय थोडा पुढे घ्यायचा झाला तर उचलून पुन्हा ठेवावा लागतो. म्हणजे एवढे पैसे मोजून मी कड्यावर चढायचा बूट घेतला आणि तो घालून सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका विटेसमोर उभा राहिलो.

पार्किंगचंही सांगतो. वीट आधी आडवी ठेवायची, जमलं की उभी, असा क्रम असतो. आमच्या इथे वीट ठेवली की कोणीतरी ती चोरीला जाईल या काळजीने उचलून बागेच्या कडेला लावतं. मग मी रिकामा खोका ठेवला. तो कचरा म्हणून गेला. शेवटी जुनी चप्पल ठेवली, तर वॉचमनकाकांनी ती घेऊन दोन मजले फिरून 'कोणाची?' असं विचारलं. त्यानंतर नोटीस लागली: पार्किंगमध्ये सायकलसह अगर सायकलविना उड्या मारू नयेत. सायकलविना कोण मारत होतं, हे मी अजून शोधतो आहे.

राहिला गल्लीतला स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे असा गोलसर उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असावा. ताशी २५ किलोमीटरने येणारी गाडी त्यावरून सुखरूप पलीकडे जावी असा तो हिशोब आहे. आमच्या गल्लीतल्याने उंचीत हात राखलेला नाही, रुंदीत मात्र अतोनात काटकसर केली आहे. त्याला चढ नाही, उतार नाही, नुसती कड आहे. स्कूटरवरच्या मागच्या माणसाला तो आधी कळतो आणि पुढच्याला मागच्याकडून कळतो. पण बनी हॉपसाठी तो आदर्श आहे. मानकाप्रमाणे बांधला तर पावणेचार मीटर लांब उडी कुठल्याच पेडलवर माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा नागरिक म्हणून अर्ज करावा, की सायकलवाला म्हणून गप्प बसावं? सध्या मी गप्प आहे, आणि हे माझ्याविरुद्ध वापरलं जाऊ नये.

एवढ्यात क्लिपवाले भेटतात. ते नेहमी एवढ्यातच भेटतात. त्यांचं म्हणणं, पाय पेडलला अडकलेला असेल तर हे सगळं खरवडणं, ढकलणं, दबणं कशाला? बुटाच्या तळाला दोन स्क्रूंनी धातूची छोटी क्लीट बसवायची, ती पेडलच्या जबड्यात दाबायची, टक्क आवाज येतो, पाय बसला. सोडवायचा तर टाच बाहेर वळवायची. कल्पना स्कीवाल्यांची. स्कीचे बूट अडकवायच्या खटक्यांचा धंदा करणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये तशी पेडलं रस्त्यावरच्या सायकलींसाठी काढली, आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनोने ती लावून टूर द फ्रान्स जिंकली. त्याच टूरमध्ये सेंत एतिएनला तो पडला आणि त्याचं नाक मोडलं. नाकाचा पेडलशी संबंध होता असं माझं म्हणणं नाही. पण जिंकल्याचं मला ऐकवलं गेलं आणि नाकाचं मला शोधून काढावं लागलं.

डोंगरातल्या सायकलींसाठी शिमानोने १९९० मध्ये एसपीडी आणली. हिची क्लीट लहान, बुटाच्या खाचेत लपलेली, म्हणजे उतरून चालताही यावं. चालता येतं. फरशीवर मात्र ऐकूही येतं. आमच्या खालच्या आजींनी दोनदा निरोप पाठवला, की तुमच्याकडे लादीचं काम किती दिवस चालणार आहे.

तरी आम्ही सुधारलेल्या काळात आहोत हे मान्य केलं पाहिजे. १९७०च्या दशकात इटलीच्या चिनेल्लीचं एक पेडल असं होतं, की पाय सोडवायला खाली वाकून हाताने खटका सरकवावा लागे. हे सरकवताना दुसऱ्या हाताने सायकल, तोल आणि अब्रू सांभाळायची.

क्लिप लावल्यावर पहिल्याच दिवशी माझी सायकल उडाली. दोन्ही पाय वर ओढले, दोन्ही चाकं एकदम वर आली, स्पीडब्रेकर खालून गेला. समोरच्या बाल्कनीतून कोणीतरी टाळी वाजवली. आणि शेजारी उभा असलेला फ्लॅटवाला मित्र म्हणाला, "हा बनी हॉप नव्हे."

मी म्हटलं, "चाकं वर होती ना?"

"होती. पण तू ओढलीस. खऱ्या हॉपमध्ये आधी पुढचं जातं, मग मागचं. याच्यात उंची मिळत नाही. शिवाय सवय बिघडते."

दुःख असं, की तो बरोबर होता. पाय ओढून चाकं थोडी उचलली जातात. त्याहून वर जायचं तर तीच कंबर मागे, तोच झटका, तेच हँडल पुढे. क्लिपने फक्त शेवटची पायरी उसनी दिलेली असते. आणि तीही कधीही परत मागते, कारण पाय जोरात ओढताना टाच किंचित बाहेर वळली की क्लीट सुटते. तशी ती सुटावी म्हणूनच बनवलेली आहे. मग हवेत एक पाय मोकळा आणि एक पाय सायकलचा, अशी वाटणी होते. जमिनीवर येईपर्यंत कोणी कोणाच्या बाजूने जायचं हे ठरलेलं नसतं.

हे टाळायला पेडलवर एक छोटा स्क्रू असतो. तो आवळला की पकड घट्ट होते. मी आवळला. हवेतलं सुटणं थांबलं. त्याबरोबर जमिनीवरचंही थांबलं. नळस्टॉपच्या सिग्नलला लाल दिवा लागला, मी थांबलो, टाच वळवली, टाच म्हणाली नाही. यानंतर माणूस लगेच पडत नाही. आधी सायकल उभी राहते, मग विचार करते, मग एका बाजूला कलायला लागते, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या रिक्षातल्या माणसाशी नजरानजर होते. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायचे थांबवले. पुण्यात हे आणखी कशाने साधल्याचं माझ्या ऐकिवात नाही. रिक्षातल्या माणसाने खाली वाकून सल्ला दिला, "अहो, पाय टेकवायचा ना."

दोन्ही पंथांकडे पुरावे भरपूर आहेत, हाही एक ताप. फ्लॅटवाले ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलचं नाव घेतात. बाकीचे बहुतेक सगळे क्लिप लावून उतरत असताना हा गडी फ्लॅटवर डाउनहिलचा तीनदा जगज्जेता झाला, आणि पुढे २०१७, २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजही घेऊन गेला. क्लिपवाले स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरचं नाव घेतात. त्याच्याकडे रिओ ऑलिंपिकचं सुवर्णपदक आहे आणि तो क्लिपमध्येच दगडांवरून असा जातो, की दगडांना कळत नाही. मध्येच कोणीतरी डॅनी मॅकॅस्किल काढतं. हा स्कॉटिश माणूस एडिंबरातल्या टोकदार कुंपणावरून सायकल चालवताना २००९ मध्ये सगळ्या जगाने पाहिला. तो फ्लॅटवर होता. यातल्या एकालाही नळस्टॉपला थांबावं लागत नाही, हे लक्षात घेऊन पुरावा कोणी देत नाही.

मग तडजोडीचा सल्ला येतो. आधी फ्लॅटवर नीट शिक, मग क्लिपवर जा, अधूनमधून फ्लॅटवर परत ये. ऐकायला समंजस आहे. पण दर वेळी पेडलं काढून बदलायची कोणी? उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं, डावं उलट्या आट्यांचं. चालवताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून तशी योजना आहे, आणि योजना चोख आहे, कारण हातानेही ते सैल होत नाही. १५ नंबरचा पाना लावायचा, वरून मागच्या चाकाच्या दिशेने ओढायचा. दोन्ही पेडलं याच दिशेला सुटतात हे लक्षात ठेवलं तर डावं-उजवं करावं लागत नाही. लक्षात राहतं. फक्त जोर पूर्ण लागला की पेडल अचानक सुटतं आणि पान्यामागचा हात पुढच्या दातेरी चक्रावर जातो. चक्राला दात किती असतात हे मी बोटांवर सांगू शकतो.

बदललं, तरी संपत नाही. फ्लॅटवर पाऊल जरा पुढे घेऊन मध्यावर ठेवायचं असतं. क्लिपवर क्लीट चवड्याखाली असते, म्हणून पाऊल मागे येतं. बुटाच्या तळाची जाडी वेगळी, म्हणून सीट थोडी खालीवर. एका पेडलवर पायाला शिकवलेलं दुसऱ्या पेडलवर पाय नाकारतो. फ्लॅटवर परत गेलो की पाय सवयीने वर ओढले जातात, पेडल खालीच राहतं, आणि नडगी व डॉक्टर यांचे जुने संबंध पुन्हा सुरू होतात. क्लिपवर गेलो की पाय खरवडायला जातो आणि टाच वळते. फरक पडत नाही म्हणणारे यावर म्हणतात, की मग एकच काहीतरी लाव. कोणतं लावू, विचारलं की पुन्हा दोघांची भांडणं.

यावर तोडगा म्हणून मी दुहेरी पेडल आणलं. एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला क्लिप. दुकानदार म्हणाला, दोन्हींचे फायदे. दोन्हींचे फायदे आहेत, पण ते नेहमी खालच्या बाजूला असतात. क्लिप हवी तर पायाखाली सपाट येतं, सपाट हवं तर जबडा. खाली बघून पाय ठेवावा तर तेवढ्यात स्पीडब्रेकर येतो, तोही बघायला लागतो, आणि माणसाला डोळे दोनच आहेत व ते एकाच दिशेला आहेत. पावसाळ्यात टेकडीवरचा काळा चिखल जबड्यात जाऊन बसला की मात्र दोन्ही बाजू सारख्या होतात. पेडलने फरक पडत नाही हे मला फक्त जुलै-ऑगस्टमध्ये पटतं.

आमच्या तळमजल्यावरच्या मुलाचा मात्र तिसराच पंथ आहे. त्याच्या सायकलचं डावं पेडल कधीचं तुटलं आहे, नुसता दांडा राहिला आहे. त्यावर हवाई चप्पल टेकवून तो माझी वीट (सापडली तेव्हा) सहज ओलांडतो. मी त्याला विचारलं, पाय कसा धरून ठेवतोस?

"कशाला धरायचा काका? तो काय पळतोय?"

मी विषय बदलला. त्याच्या वडिलांना नवं पेडल बसवून द्यायला सांगितलं, सुरक्षिततेच्या दृष्टीने. बघू पुढे त्याचं काय होतं.

टेकडीवरच्या मंडळींचं म्हणणं साधं आहे. ते म्हणतात, दगड आला की उतरायचं, सायकल हातात धरायची, दगड ओलांडायचा, परत बसायचं. यात पेडलचा प्रश्नच येत नाही. हे त्यांनी मला इतक्या प्रेमाने सांगितलं आहे, की आता ते लांबून दिसले की मी दगडापाशी उतरतोच. ते गेले की मागे येऊन तोच दगड परत घेतो. उतरताना क्लिप असली तर पाय सुटत नाही, फ्लॅट असलं तर पिन पोटरीला लागते. तोपर्यंत ते वळून बघतात आणि 'छान' म्हणतात.

परवा एका क्लिपवाल्याने आणि एका फ्लॅटवाल्याने, एकमेकांना न विचारता, मला एकाच दिवशी एकच गोष्ट सुचवली. असं आजवर झालेलं नाही, म्हणून मी ती गंभीरपणे घेतली. चुंबकाची पेडलं मिळतात. बुटाच्या तळाला, क्लीटच्याच भोकांत, लोखंडी पट्टी बसवायची आणि पेडलमधलं चुंबक तिला धरून ठेवतं. पाय अडकतही नाही आणि सुटतही नाही, निदान जोरात ओढेपर्यंत. बनी हॉपमध्ये जोरात ओढायचं असतं की नसतं, यावर त्या दोघांचं एकमत झालं नाही. पेडलं मागवली आहेत. वजनाला चांगली जड आहेत, डावं अर्थातच उलट्या आट्यांचं आहे, आणि चुंबक कमी पडलं तर म्हणून कडेला पिनाही दिल्या आहेत.